छातीवरचा पट्टा

१२ जानेवारी, रविवार

आणि म्हणे घाई मीच करतो! जहाज सुटायला जेमतेम तासभर असतो, खुर्चीवाली माणसं नऊ, आणि आम्ही दोघं. कसं जमवायचं ते संघपालनेच सांगावं. पण नाही. आज पुन्हा तेच — "हिलाल, टिक बोटाने होते, सराव अंगाने होतो. आधी माणूस बसव, बांध, एक मजला उतरव. मग टॅबवर टिक." अकरा महिने हे एकच कीर्तन. संघपाल जळगावचा. डाळीतले खडे निवडावेत तसा तो माझ्या चुका निवडत बसतो.

वर शिक्षा म्हणून मलाच खुर्चीत बसवलं. लाँड्रीच्या सगळ्या पोरांदेखत! चार पट्टे — पाय, मांड्या, पोट, छाती. "आता म्हातारीसारखा ओरड, हात मार." मी ओरडलो. गोव्याची पोरं हसून लोळली. संघपालचा चेहरा मात्र जसाच्या तसा. पायाकडे तो, पाठ उताराला करून एकेक पायरी मागे मागे जाणार. डोक्याकडे दुसरा माणूस. खाली उतरल्यावर म्हणाला, "बघ भो, वरच्याने चूक केली की सगळं वजन खालच्यावर येतं. म्हणून ओरडतो."

तो मुख्य आहे म्हणून खाली तोच. खालची जागा कधी मला देत नाही.

रोजचं माझं काम संडास धुणं. हे खुर्चीचं काम फक्त भोंगा झाला तर. भोंगा झाला की लिफ्ट बंद होतात, मग ज्यांना चालता येत नाही त्यांना जिन्याने बोटींपाशी आणायचं. अकरा महिन्यांत खरा भोंगा एकदाही नाही. मग कशाला एवढं!

१३ जानेवारी

गोवा. उतरायला मिळालं नाही. चोवीस संडास.

ही वही पण त्यानेच घ्यायला लावली. "रोज चार ओळी लिही, नववी नापासाचा हात वळेल, फॉर्म भरायला माझ्याकडे यावं लागणार नाही." आज चारच झाल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

नवी फेरी. खुर्चीवाले सात. केबिन ९२१४, इंदिराबाई, वय अठ्ठ्याहत्तर, जळगाव.

दार मुलाने उघडलं. डाळमिल आहे त्याची. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आई चालते थोडं. फॉर्मवर आमच्या मिसेसने उगाच लिहिलंय." थोडं म्हणजे पलंगापासून बाथरूमपर्यंत, भिंत धरून.

मी पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. आजी मुलाला म्हणाली, "हाऊ काय बोली ऱ्हायना रे?" मला हसू आवरेना. म्हटलं, "आक्का, तुमले खुर्चीमा बसाडीसन एक मजला उतारनं शे. बस, तेवढंच."

काय उजळली! "अरे! कोनता गावना तू?"

दोंडाईचाजोडेना, म्हटलं; शेजारीच गाव आमचं.

"मनं माहेर शे तठे!" मग सुटलीच. मिरचीचा बाजार, स्टेशनाकडची शाळा, कोणी तोताराम शेठ होता त्याची घोडागाडी. मला निम्मं माहीत नाही, तरी मी हो हो करत गेलो. अकरा महिन्यांत एवढी अहिराणी मी बोललो नव्हतो. मायशी फोनवर बोलतो, पण ते नुसतं जेवना का, जेवनू.

मग खुर्ची उघडली. पायाचा पट्टा लावू दिला. मांड्यांचाही. छातीचा हातात घेतला तशी तिने मनगट धरलं.

"बांधस काबर?"

नियम शे आक्का.

"जित्ता माणूसले बांधीसन उचलतस का रे? बांधीसन मसनमा लई जातस. मी काय मरी गऊ का?"

मुलगा म्हणाला, आई, असं काय करते. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं — "तुना बापले बांधं तवय तू व्हता ना तठे?" तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

आणि मी पण बधिर झालो. आबा, माझा बाप, गेला तेव्हा मी पंधराचा. तिरडी बांधताना सुतळी माझ्याच हातात दिली होती. घट्ट ओढ पोरा, वाटेत सुटायला नको. मागून कोण म्हणालं माहीत नाही, पण ती सुतळी तळहातात अजून आहे.

पट्टा सोडला. खुर्ची मिटली. टॅबवर टिक केली — सराव झाला, ३.४०. खाली दोन नावं येतात, माझं आणि संघपालचं. सरावाला आम्ही केबिनी वाटून घेतो आणि जिन्यापुरतं लाँड्रीचं एखादं पोर बोलावतो; मी बोलावलंच नव्हतं. तो समोरच्या केबिनमध्ये एका पारशी बाबाला बांधत होता. तिथूनच ओरडला, "९२१४ झालं?"

"झालं."

आक्काने राजगिऱ्याचा लाडू दिला. जिन्यात उभा राहून खाल्ला.

१७ जानेवारी

९२१४ चं बाथरूम आज मुद्दाम मागून घेतलं. आक्का म्हणते, लगीन करी टाक, नहीतं समुद्रमा कोनी गोरी धरी लई तुले. म्हटलं, आक्का, माझ्या हाताला फिनेलचा वास येतो, कोण धरणार! पोट धरून हसली.

संघपालने जेवताना विचारलं, "जळगाववाल्या आजी जिन्यावर कशा होत्या? घाबरल्या?"

"नाही रे. एकदम शांत."

तो म्हणाला, शाबास. त्याने शाबास म्हटल्याचं मला आठवतच नाही याआधी.

१९ जानेवारी, रविवार. कोची.

काल लिहिता आलं नाही.

काल दुपारी सव्वादोनला भोंगा. सात छोटे, एक लांब. आधी वाटलं सराव. मग स्पीकरवर "धिस इज नॉट अ ड्रिल". लाँड्रीत ड्रायर पेटला होता. आमच्या नवव्या डेकवर धूर दिसत नव्हता, नुसता जळक्या कापडाचा वास. पण माणसं धावत होती. मुलगा आणि सून खाली जेवायला गेलेले, त्यांना वर येऊ देईनात. आक्का एकटी. पलंगावर बसून देवाचं नाव घेत होती.

खुर्चीत बसवलं. पाय, मांड्या, पोट — लावले. छातीचा घेतला तशी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "नको रे भाऊ. तुना पाया पडस. आते नको." आत्ता नको — म्हणजे मरण समोर असताना तरी नको. मला कळलं ते. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. पट्टा तसाच सोडला आणि वरून शाल पांघरली. शाल मीच पांघरली. हे लिहायलाच पाहिजे.

संघपाल पायाकडे. त्याला शाल दिसत होती.

"छातीचा लावला?"

"लावला."

"ओढून बघितला?"

"हो, चल."

पहिल्या दहा-बारा पायऱ्या नीट. वळणावर वरून माणसं धावत उतरत होती, एकाचा धक्का लागला. आक्का घाबरून पुढे झेपावली. पट्टा असता तर झेपावताच आली नसती. तिने संघपालचा गळा धरला. खुर्ची पुढे गेली. माझ्या हातातली मूठ निसटली. तो मागच्या मागे नऊ पायऱ्या, अंगावर आक्का, वर खुर्ची.

त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून भलतीकडे वळला होता. तरी पडल्या पडल्या तो आक्काला धरून होता. "आजींना बघ आधी. हिलाल! आजींना बघ!"

आक्काला खरचटलं फक्त. वीस मिनिटांत सगळं शांत. आग ड्रायरपुरतीच होती.

आज सकाळी त्याला इथे उतरवलं. स्ट्रेचरवर. नर्सने पट्टे लावताना तो माझ्याकडे बघून हसला. "नीट लावतेय बघ. शीक." गाडीत घालायच्या आधी माझा हात धरून म्हणाला, "पट्टा सुटला असणार रे. मी हाताने ओढून बघायला पाहिजे होतं. मुख्याचं काम आहे ते. तू मनाला लावून घेऊ नको."

मनाला लावून घेऊ नको!

१९, संध्याकाळ

आक्कापण कोचीलाच उतरली. इथून विमानाने घरी. मुलगा खूप आभार मानत होता. पाचशेच्या नोटा देऊ लागला, मी मागे झालो. तो सामान बघायला गेला तसं तिने मला खाली वाकवलं. कानात म्हणाली, "माले बठ्ठं माहीत शे. मी कोनले सांगाव नही. तू मना माहेरना पोर."

तिला वाटलं मला बरं वाटेल. म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. म्हणजे या जगात आता दोघांना माहीत, आणि दुसरी माझ्याच बाजूची. मला वाटत होतं ती साहेबाकडे जाऊन ओरडून सांगेल — याने बांधलंच नाही मला! सांगायला पाहिजे होतं तिने.

२१ जानेवारी

झोप नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सेफ्टी ऑफिसरने बोलावलं. केरळचा आहे, हिंदी हळूहळू बोलतो, आवाज चढवत नाही. टॅब समोर ठेवला. सराव झाला, ३.४०. खाली दोन नावं.

"ड्रिल ठीक हुआ था?"

"हो सर."

"चेस्ट बेल्ट बाँधा था?"

"हो सर."

"संघपाल ने हाथ से चेक किया?"

"नाही सर."

हे शेवटचं खरं होतं. बाकी सगळं खोटं. आणि साहेबाने लिहून घेतलं ते शेवटचंच.

बाहेर आलो तर बाथरूम धुवायला जायचं होतं, मी सरळ जिन्यावर गेलो. नऊ आणि आठच्या मधल्या वळणावर. पायऱ्या मोजल्या. नऊच आहेत. कार्पेट बदललं. नवीन कार्पेटचा रंग थोडा वेगळा आहे, मला सोडून कोणाच्या लक्षात येणार नाही.

२८ जानेवारी

निकाल लागला. मुख्याने पट्टा तपासला नाही, चूक त्याची. ऑपरेशनचा खर्च कंपनीने केला. दुखापतीचे पैसे त्याच्या चुकीमुळे निम्मेच मिळणार. पुढचं कॉन्ट्रॅक्ट नाही.

मला काही नाही. "साथीदाराने दिलेल्या माहितीनुसार" एवढाच मी त्या कागदात आहे. लाँड्रीतल्या जीवरामने वाचून दाखवला कागद. वाचून झाल्यावर म्हणाला, "वाचलास गड्या."

वाचलो म्हणे.

२ फेब्रुवारी, रविवार

मायला फोन केला. बहीण सुलक्षणा सुट्टीला घरी आली होती, देवपूरच्या कॉलेजात नर्सिंगला आहे, तिची दुसऱ्या वर्षाची फी भरली का ते विचारलं. भरली. माय म्हणाली, "तुना आवाज असा काबर शे?"

सर्दी, म्हटलं.

"नोकरी सोडी का काय?"

बघा! तिच्या मनात तेच पहिलं. पाइपच्या कारखान्यात चार महिने, सुरतच्या हॉटेलात दोन, धुळ्यात गॅरेजवर नऊ दिवस. हिलालचं बूड कुठे टेकत नाही असं भाऊबंद म्हणतात. इथे वर्ष होईल आता. माय गावात सांगत फिरते, मना हिलाल जहाजवर बुढा-बुढीसना जीव वाचाडस.

तिला म्हटलं, नाही सोडली.

सुलक्षणाने फोन घेतला. तिला तिच्या पद्धतीने विचारलं — गुडघ्यात प्लेट बसवली की माणूस पूर्ण चालतो का? "कोणाला बसवली?" एका मित्राला. "काम काय करतो?" वजन उचलायचंच काम करतो. ती म्हणाली, दुसरं काम बघायला सांग दादा.

७ फेब्रुवारी

आता पट्टा मी दोनदा ओढतो. तीनदा. काल एक नाशिकच्या बाई चिडल्या, "अहो, श्वास तरी घेऊ द्या!" सैल केला नाही. साहेब लांबून बघत होता.

कोणी बांधू नको म्हटलं की मी आता त्यांच्याशी बोलतच नाही. मराठी येत नाही असं दाखवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

संघपालने व्हिडिओ कॉल केला. मी तीनदा कापला होता. चौथ्यांदा उचलला.

जळगावला आलाय. त्याचं घर वरच्या मजल्यावर, जिना एवढा अरुंद की दोन माणसं शेजारी मावत नाहीत. दवाखान्यात न्यायचं तर त्याची बहीण प्रज्ञा वर, आई द्रौपदाबाई खाली, मधे हा — प्लास्टिकच्या खुर्चीत, ओढणीने बांधलेला! हसत हसत दाखवत होता. "प्रज्ञाला ट्रेनिंग दिलंय. आधी पट्टा, मग ओढून बघ. तुझ्यापेक्षा हुशार आहे, एका दिवसात शिकली."

द्रौपदाबाईंचा चेहरा मधेच आला. साठीच्या असतील. मनगटाला क्रेप बँडेज. खाली त्या असतात. सगळं वजन खालच्यावर.

मला म्हणाल्या, "बाबा, तू होतास ना त्याच्याबरोबर? कसं झालं रे नेमकं? हा काही नीट सांगत नाही. माझी चूक, माझी चूक, एवढंच म्हणतो."

मी म्हटलं, रेंज जातेय.

रेंज पूर्ण होती. चारी दांड्या.

१० फेब्रुवारी

मी बांधलं नाही ते आक्कासाठी, असं इतके दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं आहे. पहिल्या दिवशी आक्कासाठी असेल, आबासाठी असेल. पण "लावला" म्हणालो ते कशासाठी? संघपालने पायाकडून वर येऊन स्वतः लावला असता म्हणून. परत मला सगळ्यांसमोर बोलला असता म्हणून. भोंगा वाजत होता आणि मला माझा पाणउतारा दिसत होता! एवढंच. दुसरं काही नव्हतं.

आणि त्याने आक्काची समजूतही काढली असती. त्याला जमतं. पारशी बाबाला बांधताना तो म्हणत होता, बाबाजी, विमानात बांधतात ना, हे तसंच, फक्त पायलट काळा आहे. बाबा हसत हसत बांधून घेत होता. हे मला का सुचलं नाही?

११ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र लिहिलं. चौथ्यांदा नीट जमलं. इथे उतरवून ठेवतो.

"साहेब, ९२१४ चा सराव झाला नव्हता. टिक मी खोटी केली. भोंग्याच्या दिवशी छातीचा पट्टा मी लावला नाही. संघपालने दोनदा विचारलं. मी लावला म्हणालो. त्याला शालीमुळे दिसलं नाही. त्याची चूक नाही. त्याचे पूर्ण पैसे त्याला द्यावेत. — हिलाल"

जीवराम इंग्रजी करून देईल. नको, त्याला कशाला. इंग्रजी आता फोनच करून देतो. साहेब सकाळी दहाला ऑफिसात असतो. दहाला देणार. मग जे होईल ते. मायला काय सांगायचं ते विमानतळावर बघू.

आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली. दोनदा भात घेतला.

१२ फेब्रुवारी

साहेब मीटिंगमध्ये. अर्धा तास थांबलो.

१३ फेब्रुवारी

आज फेरी सुटायची. सगळे धावपळीत. असल्या वेळी कोण पत्र देतं.

१५ फेब्रुवारी

साहेब समोरून आला. "हाँ हिलाल, कुछ काम था?" खिशात हात होता माझा. पत्राची घडी बोटांना लागत होती.

"नाही सर. गुड मॉर्निंग म्हणायचं होतं."

१० मार्च, सोमवार

आजपासून खुर्चीच्या टोळीचा मुख्य मी. साहेब म्हणाला, पट्टा तुझ्यासारखा कोणी लावत नाही. सही केली. पत्र दिलं नाही, आता देणारही नाही. मायने गावात पेढे वाटले. मुख्याला महिन्याला जेवढे जास्त मिळतात, जेवढे संघपालला मिळायचे, तेवढे द्रौपदाबाईंच्या खात्यावर टाकतोय. दर महिन्याला टाकीन. ॲप कारण विचारतं. "उसने घेतले होते" असं लिहिलं.

रुपये नऊ हजार दोनशे.